एका वायरीची तीन सोंगं

योगिता भित्री होती. ही गोष्ट ती स्वतःच चारचौघांत सांगून टाकायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ती शोधून काढण्याचं समाधान मिळत नसे. नोव्हेंबरात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलायला लागली आणि २०१९चा फेब्रुवारी उजाडला तरी थांबेना, तेव्हा उशाशी बॅटरी आणि दाराशी चपला ठेवून झोपणारे सगळेच होते. पण बाकीचे म्हणायचे, आता सवय झाली. योगिताला सवय होईना. हायवेवरून जड ट्रक गेला की ती खुर्चीतून उठून उभी राहायची. वर्गात बाक सरकला की फळ्यावरचा तिचा खडू थांबायचा. जेवताना तिचं लक्ष ताटापेक्षा पेल्यातल्या पाण्याकडे जास्त.

त्याहून वाईट म्हणजे जमीन गप्प असतानाही तिला ती हलल्यासारखी वाटायची. उभी असली तर पोटऱ्यांत, आडवी झाली तर पाठीखाली. हलतंय का गं, असं ती मुलींना विचारायची आणि मुली एकमेकींकडे बघून नकाराची मान हलवायच्या. लांडगा आला रे आला करून करून तिच्या बोलण्याला किंमत राहिली नव्हती. फरक इतकाच की तिला लांडगा खरंच दिसत होता. एका छोट्या वहीत ती प्रत्येक वेळची तारीख आणि वेळ लिहून ठेवायची, आणि ती वही कुणाला दाखवायची नाही.

तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून आत, एका संस्थेची मुलींची निवासी शाळा होती. योगिता तिथे संगणक शिकवायची. इमारत दुमजली, वर मुलींची झोपायची खोली आणि तिला लागूनच संगणकाची खोली. जानेवारीत जिन्याच्या भिंतीला तडा गेला. फार मोठा नाही, पोस्टकार्ड आत जाईल एवढाच. पण त्याच दिवशी ब्याऐंशी मुलींच्या गाद्या खाली आल्या आणि मैदानात तंबू लागले.

संस्थेचे सचिव तात्या मूळ सरावलीचे, चिकूच्या वाड्या असलेल्या घरातले. माणूस वाईट नव्हता. तंबूत थंडीने मुली कुडकुडत होत्या, निम्म्यांना खोकला होता, आणि एका सकाळी गादीखाली फुरसं निघालं तेव्हा तात्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भूकंपाने मरायच्या तेव्हा मरतील, पण फुरशाने आत्ताच मरतील, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तडा बघायला आलेला इंजिनिअर सांगून गेला होता की आणखी धक्के बसले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. प्रश्न एवढाच होता की धक्के बसतायत की नाही हे सांगणार कोण. त्या दिवसांत कुणी नुसतं 'हललं' म्हटलं की आणखी दहा जणांना हललेलं आठवायचं. मोठ्या धक्क्यांची बातमी पेपरात यायची, बारक्यांची कुणी दखल घेत नसे. तात्या स्वतः शाळेच्या ऑफिसात खाट टाकून झोपायचे, आणि त्यांची झोप अशी की कानाशी ढोल वाजवला तरी कूस बदलणार नाहीत.

त्यांच्या बायकोचं, आनंदीबाईंचं, उलट. शाळेपासून तीन किलोमीटरवर त्यांची आंब्याची वाडी होती. मोहोरावर फवारणीचे दिवस म्हणून आनंदीबाई तिथल्या घरात राहत होत्या. नवराबायकोचं ठरलेलं होतं: धक्का जाणवला की आनंदीबाईंनी एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे घाबरले पण आहे, आणि तात्यांनी उलटा एक द्यायचा, म्हणजे मीही आहे. स्टाफरूममध्ये चहा पिताना तात्या ही गंमत सगळ्यांना सांगायचे. आमच्या हिला काय, मांजराने पत्र्यावर उडी मारली तरी भूकंप. सगळे हसायचे. योगिताही हसायची, पण आपण कुणाला हसतोय हे तिला चांगलं कळायचं.

शेवटी तिने ठरवलं की आपल्या पोटऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, यंत्र बसवायचं. डहाणूला स्टेशनजवळ दीपेशचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. तो तिच्याच पॉलिटेक्निकचा. त्याच्याकडून तिने चिकूच्या फोडीएवढा एक छोटा संगणक घेतला, त्याला हादरा ओळखणारी चिप डकवली आणि प्लास्टिकच्या डबीत घालून संगणकाच्या खोलीतल्या भिंतीला पक्की केली. इथवर सोपं होतं. पुढे अडलं, कारण शाळेच्या संगणकाचं मागचं एकच यूएसबीचं भोक चालू होतं आणि तिला कामं हवी होती तीन. डबीतली नोंदीची फाइल कारकून चिमणभाऊंना उघडता आली पाहिजे, आणि त्यांना पेनड्राइव्हपलीकडे काही येत नव्हतं. म्हणजे डबीने पेनड्राइव्ह व्हायचं. मोठा धक्का बसला तर पडद्यावर आपोआप इशारा उमटला पाहिजे. म्हणजे डबीने कीबोर्ड व्हायचं. आणि योगिताला आत शिरून दुरुस्त्या करता याव्यात, डबीला शाळेच्या संगणकाकडून घड्याळाची वेळ मिळावी, म्हणून डबीने नेटवर्कही व्हायचं.

योगिताचा बाप बाळ्या सायवनकडच्या बोहाड्यात, मुखवट्यांच्या नाचात, सोंगं नाचवायचा. एकाच माणसाला कधी कधी तीन तीन सोंगं घ्यावी लागत. तो म्हणायचा, सोंग बदलायचं तर आधी पडद्याआड जायचं. लोकांसमोर मुखवटा बदलला तर ते सोंग कुणी मानत नाही. डबीचंही अगदी तसंच निघालं. वायर लावली की शाळेचा संगणक एकदाच विचारतो, तू कोण? तेव्हा डबीने तिन्ही नावं बरोबर क्रमाने सांगायची. नेटवर्कचं नाव पहिलं आलं नाही तर संगणक रुसतो आणि पिवळा त्रिकोण दाखवून बसतो. एकदा ओळख झाली की मग काही बदलायचं असेल तर आधी ओळख तोडायची, सोंगांची यादी नव्याने लिहायची आणि पुन्हा जोडायची. तीन रविवार त्या पिवळ्या त्रिकोणाशी झुंजण्यात गेले.

चौथ्या रविवारी तात्या, चिमणभाऊ आणि दोन शिक्षिका जमल्यावर तिने डबीजवळच्या भिंतीवर मूठ आपटली. कुणीही कीबोर्डला हात लावला नव्हता, तरी पडद्यावर अक्षरं उमटली: धक्का. खाली उतरा. तात्या खूश झाले. त्यांनी स्वतः चार वेळा भिंत ठोकून बघितली आणि चारही वेळा ती ओळ आली. "ही तर स्वतःच लिहिते की," असं ते पुढचे दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले. मग त्यांनी नियम घालून दिला. यंत्राच्या यादीत सलग सात दिवस धक्का नसेल तर आठव्या दिवशी मुली वर. योगितालाही हे पटलं. माणसांची साक्ष नको, यंत्राची घेऊ.

तेव्हा शाळेचा संगणक संध्याकाळी पाचला बंद व्हायचा. डबीला वीज त्याच वायरीतून मिळायची, त्यामुळे रात्री डबीही बंद. योगिताने हट्ट धरला की रात्रीचीही नोंद हवी, संगणक बंद करायचा नाही. तात्यांनी लगेच इन्व्हर्टर आणून दिला. त्याच दिवशी चिमणभाऊ तक्रार घेऊन आले: शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना कुणीतरी दार आपटलं आणि एका मुलीच्या बापाच्या नावापुढे 'धक्का. खाली उतरा.' असं लागून फॉर्म गेला. योगिताने ओळख तोडली, कीबोर्डचं सोंग काढून टाकलं, उरलेल्या दोन सोंगांनी डबी पुन्हा जोडली आणि वायर निसटू नये म्हणून भोकाभोवती चिकटपट्टी गुंडाळली. ही वायर कुणी काढायची नाही, असं तिने स्वतः चिमणभाऊंना बजावलं. चिमणभाऊ आज्ञाधारक. त्यांनी वायरीला हळदकुंकू लावलं आणि लांबूनच नमस्कार केला.

त्यानंतर यादीत एकही धक्का आला नाही.

रोज सकाळी चिमणभाऊ फाइल उघडायचे आणि तात्यांना सांगायचे, काही नाही. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. योगिताच्या वहीत मात्र नोंदी वाढतच होत्या. पहाटे सव्वादोन. पहाटे पाचला दहा कमी. दुपारी भाताची रांग लागली असताना. भिकी, शाळेची स्वयंपाकीण, एकदा म्हणाली, "बाय, माझी कढई हलली." तात्यांनी तिला समजावलं की यंत्राला कळलं नाही ते तुझ्या कढईला कसं कळेल? भिकीने पुन्हा तोंड उघडलं नाही. योगिताने तर उघडलंच नाही. तिला वाटलं, आपल्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. रात्री तंबूत मुलींच्या रांगेत पडून ती दोन्ही तळवे जमिनीला लावायची आणि स्वतःला सांगायची, हे खोटं आहे, यादीत नाही. आपलं शरीर आपल्याला फसवतंय ही भीती धक्क्याच्या भीतीहून वाईट असते. धक्का निदान थांबतो तरी.

सातवा दिवस शुक्रवारी संपला. शनिवारी चार वाजता मुली वर जायचं ठरलं. शनिवारी सकाळची शाळा संपवून योगिता डहाणूला दीपेशकडे गेली. तिला दुसरी डबी करायची होती, सायवनच्या घरासाठी. तिथे तिची आई जिवली एकटी होती आणि घराबाहेर झोपायला तयार नव्हती.

दुकानात तिने नवी डबी दीपेशच्या लॅपटॉपला लावली, फाइल उघडली आणि टेबलावर मूठ मारली. फाइल बंद करून पुन्हा उघडली. कोरी. आणखी जोरात मारली. कोरी. दीपेश म्हणाला, चिप गेली असेल. पण तिने नेटवर्कच्या वाटेने आत शिरून बघितलं तर डबीच्या आत दोन्ही नोंदी होत्या, वेळेसकट. चिप ठीक होती. लॅपटॉपलाच त्या दिसत नव्हत्या.

"काढून लाव," दीपेश म्हणाला.

तिने वायर काढली, पुन्हा लावली, फाइल उघडली. दोन धक्के.

योगिता तिथल्या स्टुलावर बसली. सगळं एकदम लख्ख झालं होतं. संगणक पेनड्राइव्हची यादी लावताना एकदा वाचतो आणि तीच डोक्यात धरून बसतो. आतून ती कुणी बदलेल अशी शंकाही त्याला येत नाही. पेनड्राइव्ह कधी स्वतःहून लिहिते थोडीच. शाळेचा संगणक रोज सकाळी नव्याने सुरू व्हायचा तोवर तो रोज नव्याने विचारायचा, म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं. सात दिवसांपूर्वी तिनेच तो बंद करू दिला नाही. तिनेच चिकटपट्टी गुंडाळली. चिमणभाऊ सात दिवस एकच जुनी यादी वाचत होते.

तिने तात्यांना फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तात्या बायकांचे फोन उचलत नाहीत हे सगळ्या शाळेला माहीत होतं. त्यांच्या लेखी तो मिस्ड कॉलच. चिमणभाऊ शनिवारी दुपारी गुजरातेत सासुरवाडीला जायचे, त्यांचा फोन लागेना. भिकीकडे फोनच नव्हता. शिक्षिका दुपारीच घरी गेल्या होत्या. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. दीपेशने न विचारता आपल्या अ‍ॅक्टिवाची किल्ली पुढे केली.

आशागड, चारोटी, मग हायवे. योगिताने आयुष्यात कधी अ‍ॅक्टिवा इतकी दामटली नव्हती. कंटेनर अंगावरून जात होते आणि त्यांची तिला भीती वाटत नव्हती, कारण भीती सगळी दुसरीकडे लागली होती. वाटेत दोनदा थांबून तिने तात्यांना पुन्हा फोन केला. दोन्ही वेळा तो वाजत राहिला. ब्याऐंशी मुली, एक जिना, आणि त्या जिन्याच्या भिंतीत पोस्टकार्ड जाईल एवढा तडा. ती रडत होती आणि हेल्मेटमध्ये हात घालून डोळे पुसता येत नव्हते.

ती फाटकातून आत आली तेव्हा मैदान अर्धं रिकामं झालं होतं. मुली गाद्या डोक्यावर घेऊन रांगेने जिना चढत होत्या, आणि हसत होत्या, कारण आज रात्री पाठीखाली खडे टोचणार नव्हते. तात्या खाली उभे राहून मोजत होते. त्यांना लवकर उरकायचं होतं. चारचं काम त्यांनी साडेतीनलाच काढलं होतं.

योगिताने धापा टाकत सांगितलं. यादी जुनी आहे. संगणक जुनंच दाखवतोय. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला बरं नाही हे त्यांना दिसतंय, असं ते म्हणाले. चार दिवस रजा घे, सायवनला आईकडे जा.

"तात्या, वर चला," योगिता म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसमोर वायर काढून लावते."

महिनाभर ती गरजेपलीकडे त्या जिन्याला गेली नव्हती. वर संगणकाच्या खोलीत जायचं असलं तरी भिंतीला हात न लावता, श्वास रोखून, दोन दोन पायऱ्या. आज ती गाद्यांच्या मधून वाट काढत, त्या तड्याला खांदा घासत चढली. तिच्या मागे तात्या, कुरकुरत, बाकीच्या मुलींना खालीच थांबायला सांगून. वर झोपायच्या खोलीत वीस-बावीस मुली भिकीच्या मदतीने चादरी घालत होत्या. कमळी नावाची सातवीतली मुलगी खिडकीशी कुणाची गादी यावरून भांडत होती.

चिकटपट्टी नखांनी निघेना, तिने दातांनी फाडली. वायर काढली. डबीला पुन्हा लावताना तिने तिन्ही सोंगं चढवली, कीबोर्डसुद्धा. का ते तिला नीट सांगता आलं नसतं. फाइल उघडली. काल कोऱ्या असलेल्या जागी आता ओळी होत्या. एक, दोन, तीन. सात दिवसांत अकरा धक्के.

तात्यांनी ओळी बोटाने मोजल्या. मग त्यांनी जे म्हटलं ते योगिताने गाडीवर येताना हिशोबात धरलंच नव्हतं.

"तू वायर लावलीस आणि ओळी आल्या. ही डबी स्वतः लिहिते हे तूच मला दाखवलंस ना?"

त्यांचं चुकत नव्हतं. लिहिणारी वस्तू साक्षीदार कशी होणार? आणि ती बसवणारी बाई तर शाळेत सगळ्यात भित्री. तिने पिशवीतून ती छोटी वही काढली, जी कुणालाच दाखवायची नव्हती, आणि पडद्याशेजारी धरली. तिच्या वहीत त्या सात दिवसांचे एकतीस धक्के होते. त्यातले अकरा यादीशी जुळत होते, चार-पाच मिनिटांचा इकडेतिकडे फरक सोडून. उरलेले वीस कुठेच नव्हते. अकरा जमिनीचे आणि वीस तिचे. तिला ते बघून रडू आलं की हसू, हे तिचं तिलाच कळलं नाही. पण तात्यांसाठी ही वही काही साक्ष नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातच्या.

मग तिला स्टाफरूममधलं हसणं आठवलं.

"तात्या, काकूंचे मिस्ड कॉल काढा."

तात्यांना ते आवडलं नाही. घरचं आहे ते, असं काहीतरी ते पुटपुटले. पण फोन खिशातून निघाला. यादी लांब होती. दुपारचे योगिताचे चार, आणि त्यांच्या खाली सात दिवसांत आठ वेळा आनंदी, आनंदी, आनंदी. तात्यांनी अलीकडे त्या यादीकडे बघणंच सोडलं होतं. यंत्र म्हणतंय धक्का नाही, तर उलटा मिस्ड कॉल द्यायचा कशाला?

त्यांनी पहिली वेळ वाचली. पहाटे दोन चौदा. पडद्यावर दोन सतरा. दुसरी, चार बावन्न. पडद्यावर चार पंचावन्न. तात्यांचा चेहरा जरा सैलावला. "बघ. फोन आधी आणि धक्का तीन मिनिटांनी नंतर? हिला काय स्वप्न पडतं?"

योगिताने पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बोट केलं. तीन बावन्न. तात्यांच्या फोनवर तीन अठ्ठेचाळीस. पाचाच्या चार मिनिटं आधीच पाच वाजून घरी जाता यावं म्हणून चिमणभाऊंनी शाळेचा संगणक केव्हाचा पुढे करून ठेवला होता. डबीने वेळ त्याच्याकडूनच घेतली होती. चार मिनिटं वजा केली की आठच्या आठ कॉल धक्क्यानंतर बरोबर एका मिनिटाने येत होते. अंधारात उठायचं, चष्मा शोधायचा, फोन शोधायचा आणि नवऱ्याचं नाव दाबायचं, याला तेवढा वेळ लागणारच.

तात्या खुर्चीवर बसले. आठ वेळा, ते म्हणाले. मग उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि आवाज न चढवता म्हणाले, "भिकी, पोरींना खाली ने. गाद्या राहू देत."

भिकीने का म्हणून विचारलं नाही. ती जणू तेवढ्याचीच वाट बघत होती. मुली कुरकुरत निघाल्या. योगिता दाराशी उभी राहून मोजत होती. अठरा, एकोणीस, वीस. कमळी खिडकीजवळची गादी सोडायला तयार नव्हती, तिला भिकीने दंडाला धरून नेलं. एकवीस. चपलांचे आवाज जिन्यावरून खाली गेले आणि मैदानात पसरले.

योगिता संगणकाकडे वळली, बंद करावा म्हणून. तात्याही आत आले होते, चष्मा टेबलावर राहिला होता. पडद्यावर अकराव्या नोंदीखाली अक्षरं उमटायला लागली. धक्का. खाली उ—

अक्षरं आधी आली की हादरा, हे तिला आजही सांगता येत नाही. खिडकीचं तावदान वाजलं, टेबल सरकलं, आणि खालून कुणीतरी इमारतीला ढुशी दिली. तात्यांनी तिचा हात धरला की तिने त्यांचा, तेही नक्की नाही. दोघं जिन्यावर आले तेव्हा तड्याकाठचं प्लास्टर पायऱ्यांवर कोसळत होतं आणि धूळ डोळ्यांत जात होती. योगिताला भीती वाटत होती. पण ह्या खेपेला तिने कुणाला विचारलं नाही, हलतंय का.

मैदानात सगळ्या मुली तंबूंपासून दूर, गोळा होऊन बसल्या होत्या. भिकी त्यांच्याभोवती फिरत होती. जमीन थांबली. धूळ जिन्याच्या तोंडातून हळूहळू बाहेर येत होती. जिथे थोड्या वेळापूर्वी मुली गाद्या घेऊन चढत होत्या, तिथे हाताएवढे तुकडे पडले होते. तात्या ते बघत उभे होते, त्यांच्या केसांत चुना होता. आपण किती वाजता त्यांना वर पाठवलं, हे ते स्वतःशीच बोलत होते.

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. आनंदीबाई एकदाच वाजवून कापायच्या, हे ठरलेलं. तात्यांनी तो कापला जायच्या आत उचलला. पलीकडून काही आवाज आला नाही. नवऱ्याने फोन उचलायची त्यांना सवयच नसावी.

"आहे," तात्या म्हणाले. "आनंदी, आहे मी. सगळ्या खाली आहेत."